पंचेचाळिशीत ज्युदो: काही महिन्यांच्या सरावानंतरचा अनुभव

प्रौढ वयात ज्युदोच्या वर्गाला जावे की नाही, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी पुण्यातील एका वर्गात नाव घातले आणि तेव्हापासून आठवड्यातील तीन संध्याकाळी नियमाने जात आहे. माझे वय पंचेचाळीस असून मी एका बँकेच्या शाखेत काउंटरवर काम करते. व्यायाम व्हावा हा हेतू होताच. परंतु मार्शल आर्टमुळे मन खंबीर होते, राग आवरतो, आत्मविश्वास वाढतो असे जे सर्रास सांगितले जाते, ते रोजच्या जगण्यात कितपत उतरते हेही मला पाहायचे होते. आता माझे मत असे झाले आहे की वृत्तीत बदल होतो, पण तो डाव टाकता येऊ लागल्यामुळे होत नाही. पडायला शिकल्यामुळे आणि समोरच्याचे पडणे सांभाळायला शिकल्यामुळे तो होतो.

इतर प्रकार सोडून ज्युदोच का निवडला, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने १८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरातील बारा चटयांच्या जागेत कोदोकान ही संस्था सुरू केली. कानो अंगाने लहानखुरे होते आणि त्यांनी जुजुत्सूच्या, म्हणजे निःशस्त्र झुंजीच्या जपानी विद्येच्या, जुन्या परंपरांचे शिक्षण घेतले होते. त्या परंपरांतील ठोसे, लाथा आणि हाडे मोडणारे घातक डाव त्यांनी ठरलेल्या क्रमाच्या सरावापुरते ठेवले आणि मुक्त सरावातून वगळले. वरवर पाहता ही विद्या बोथट करण्यासारखी गोष्ट वाटते, पण परिणाम नेमका उलट झाला. घातक भाग काढून टाकल्यामुळे दोन माणसांना एकमेकांवर पूर्ण ताकदीने, खऱ्या विरोधासह सराव करता येऊ लागला. या मुक्त सरावाला रांदोरी म्हणतात. आपला बेत फसला की आपल्या मनाचे काय होते, हे रांदोरीत दर मिनिटाला कळते. हवेत हातवारे करून ते कधीच कळणार नाही. वृत्ती घडते ती इथे, असे माझे ठाम मत आहे.

मात्र रांदोरीपर्यंत पोहोचण्याआधी पडण्याचा सराव, म्हणजे उकेमी, करावा लागतो, आणि आमच्या वर्गात तो कित्येक आठवडे चालला. मागे पडण्याची रीत अशी आहे: उकिडवे बसायचे, हात छातीसमोर घ्यायचे, हनुवटी छातीला टेकवायची, टाचांच्या अगदी जवळ बूड टेकवून पाठीवर गोल जायचे, आणि पाठ गादीला लागते त्याच क्षणी दोन्ही हात शरीरापासून साधारण तीस-चाळीस अंशांच्या कोनात, तळवे खाली ठेवून, जोरात आपटायचे. श्वास त्याच वेळी बाहेर सोडायचा. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तोल जाताच हात आपोआप मागे टेकू पाहतो आणि मनगटाची हाडे मोडतात ती बहुधा त्याच टेकलेल्या हातामुळे. डोके मागे जाते ते वेगळेच. माझी जोडीदार महाविद्यालयात शिकणारी मुलगी आहे, ती प्रत्येक वेळी "काकू, हनुवटी!" असे ओरडत असे, आणि ते शब्द आता माझ्या मानेत बसले आहेत.

या काळात वर्गाबाहेर मी एकदाही पडलेली नाही, त्यामुळे रस्त्यावर उकेमी कामी येते की नाही हे स्वानुभवाने सांगता येणार नाही. पडण्याच्या भीतीचे काय झाले ते मात्र सांगता येते. ओल्या फरशीवरून, बसच्या पायरीवरून उतरताना माझे सगळे शरीर आधी आवळले जात असे. आता पाय सैल राहतात, गुडघे किंचित वाकतात आणि नजर समोर असते. पडणे ही आपत्ती नसून एक हालचाल आहे, तिला सुरुवात, मधला भाग आणि शेवट आहे, आणि मधल्या भागात आपल्याला काही करता येते, हे शरीराला पटले की मनाला वेगळे समजवावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. स्वीडनमध्ये ज्युदोतील पडण्याच्या तंत्रावर आधारलेले वयस्करांसाठीचे उपक्रम चालतात. आपल्याकडे घरोघरी आजी-आजोबांना "जपून चाला" एवढेच सांगितले जाते आणि त्या जपण्यातून पावले आणखी आखडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. माझ्या आईला मी पडायला शिकवलेले नाही, तिची हाडे त्याला तयार नाहीत. पण आमच्या सरांच्या सल्ल्याने जमिनीवरून खुर्चीचा आधार घेत टप्प्याटप्प्याने उठण्याचा सराव ती रोज सकाळी करते. आधी एका कुशीवर वळायचे, मग हातावर भार देऊन गुडघ्यांवर यायचे, मग एक पाय पुढे रोवायचा. न्हाणीघरात जाताना ती आता कोणाला हाक मारत नाही.

दुसरी गोष्ट पकडीची. ज्युदोत समोरच्याच्या जाड सुती जाकिटाची एक बाही आणि गळपट्टी धरून खेळ सुरू होतो. नवख्या माणसाचे हात भीतीने ताठ होतात. ताठ हाताने समोरचा क्षणभर लांब राहतो हे खरे, पण त्याच हातातून आपली प्रत्येक हालचाल त्याला आधीच कळते, आणि एक-दोन मिनिटांत दंड भरून येतात ते निराळेच. आमचे सर मूळचे तालमीतले आहेत. सेओइ-नागे हा समोरच्याला पाठीवर घेऊन पुढे फेकण्याचा डाव शिकवताना त्यांनी तो धोबीपछाडीच्या शेजारी ठेवून दाखवला आणि पकडीबद्दल एवढेच सांगितले: "ताई, हाताचा दांडा करू नका, दोर करा." सैल हाताला समोरच्याचा तोल कळतो. तो पुढे रेटतो आहे की मागे रेलतो आहे हे कळले, की त्याच्याच दिशेला थोडी भर घालून त्याला हलवता येते. शक्तीचा कमीत कमी खर्च आणि जास्तीत जास्त उपयोग, हे कानोंचे पहिले तत्त्व मला सगळ्यात आधी या सैल हातांतून समजले.

नोव्हेंबरात आमच्या शाखेत हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. एका आजोबांच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर काही केल्या जुळेना. वयामुळे ठशाच्या रेषा झिजलेल्या असतात आणि हे वारंवार होते. त्यांनी काउंटरवर हात आपटला. "मी समोर उभा आहे, तरी तुमचं मशीन म्हणतंय मी नाही!" असे ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की सगळी रांग आमच्याकडे पाहू लागली. त्या क्षणी माझे खांदे कानांपर्यंत वर गेल्याचे मला जाणवले, आणि ते जाणवले हीच नवी गोष्ट होती. मी श्वास सोडला, खांदे खाली आणले आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. आपण यंत्राला ठसा देऊच नये, चेहरा दाखवू." मोबाईलवर चेहरा ओळखून दाखला काढण्याची सोय आता आहे, ती वापरली आणि काम झाले. पूर्वी मी त्यांना नियम समजावून सांगत बसले असते, म्हणजे त्यांच्या जोराला माझा जोर लावला असता. त्यांचा राग ज्या दिशेला जात होता, त्याच दिशेला दोन पावले चालल्यावर तो ओसरला.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. जिथे समोर माणूस उभा आहे, आवाज चढलेला आहे आणि आपले शरीर काही करू पाहते आहे, तिथे हा सराव कामी येतो, कारण वर्गातील परिस्थितीशी तिचे साम्य असते. मोबाईलवरील खोचक संदेशाने येणारा राग, मुलाच्या परीक्षेची चिंता, रात्री अंथरुणावर पडल्यावर सुरू होणारे विचार यांवर ज्युदोचा मला काहीही उपयोग झालेला नाही. त्या दिवशी वर्ग असेल तर दमून झोप लागते, इतकेच. सर्व प्रकारची मनःशांती मिळेल असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कानोंचे दुसरे तत्त्व परस्पर कल्याणाचे. ही दोन्ही तत्त्वे त्यांनी १९२२ मध्ये कोदोकानच्या सांस्कृतिक संघटनेची स्थापना करताना पुढे ठेवली. भिंतीवर लावलेली सुवचने असतात तसेच हे असेल, असे मी धरून चालले होते. गादीवर मात्र त्याला रोखठोक अर्थ आहे. जोडीदार मला डाव शिकण्यासाठी स्वतःचे शरीर देते. ओ-सोतो-गारीत मी तिचा पाय मागून झाडते तेव्हा तिचे डोके माझ्या भरवशावर असते, आणि शेवटपर्यंत तिची बाही धरून ती वर ओढून ठेवणे हे माझे काम असते, म्हणजे तिला नीट पडता येते. थोड्या वेळाने माझे डोके तिच्या भरवशावर असते. जो बाही सोडतो त्याच्याशी कोणी सराव करत नाही, मग त्याचा डाव कितीही सुरेख असो. गळा आवळला गेला किंवा कोपराचा सांधा ताणला गेला की दोनदा हाताने थोपटायचे, आणि समोरच्याने तत्क्षणी सोडायचे. या नियमाला अपवाद नाही. आपल्याला पुरे झाले हे वेळेत सांगणे आणि दुसऱ्याचे पुरे हे न वाद घालता ऐकणे, या दोन्ही गोष्टी घरात आणि कार्यालयात किती अवघड जातात ते प्रत्येकाने आठवून पाहावे. मी कामाचा वाढीव भार वेळेत नाकारू लागले आहे, ते या थोपटण्याच्या सवयीमुळेच.

जिंकण्यासंबंधीची वृत्तीही इथेच येते. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अंतोन खेसिंक यांनी जपानच्या कामिनागा अकिओ यांना जपान्यांच्याच अंगणात हरवले. आनंदाने गादीकडे धावत येणाऱ्या आपल्या देशबांधवांना खेसिंक यांनी हात उंचावून तिथेच थांबवले. प्रतिस्पर्ध्याला नमस्कार होईपर्यंत लढत संपलेली नसते. अलीकडचे उदाहरण आपल्या मध्य प्रदेशच्या कपिल परमार यांचे आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि भारताला पॅरालिंपिकमधील ज्युदोचे पहिले पदक मिळाले. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत सुरू होण्यापूर्वीच दोघेही एकमेकांची पकड घेऊन उभे राहतात. हे कळल्यावर मी सरांच्या परवानगीने डोळे मिटून सराव करून पाहिला, आणि हाताला किती कळते हे त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजले. नवशिक्यांनी सावकाश का होईना, हे जरूर करून पाहावे.

आता तक्रारींकडे वळते. बोटांचे सांधे दुखतात, आणि पकडीच्या सरावानंतर दुसऱ्या दिवशी नोटा मोजताना ते चांगलेच जाणवते. पायाची बोटे गादीच्या फटीत अडकतात, म्हणून गाद्या सरकत नाहीत ना हे रोज पाहावे. ज्युदोगी, म्हणजे सरावाचा जाड सुती पोशाख, वाळायला वेळ लागतो. पावसाळ्यात तर दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला वास येतो, त्यामुळे दोन जोड असणे भाग पडते. नवा सुती जोड धुतल्यावर आटतो, म्हणून किंचित मोठा घ्यावा आणि थंड पाण्यात धुवावा. कराटेचा पातळ गणवेश इथे चालत नाही, तो पकडीत फाटतो. स्वसंरक्षणाबद्दल बोलायचे तर ज्युदोत ठोसा अडवायला शिकवत नाहीत आणि बहुतेक डाव समोरच्याच्या कपड्यावर अवलंबून असतात. अंगावर कोणी धावून आले तर आधी पळा, असे आमचे सर स्वच्छ सांगतात, आणि त्यामुळे त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

या वर्गाच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी काही दिवस जाऊन पाहिले होते. तिथे नवख्यांना पडायला न शिकवताच जुन्या मुलांसमोर उभे करत, आणि कोणी लंगडत बाहेर आले की ते धैर्याचे लक्षण मानले जाई. माझ्या मते हा ज्युदो नव्हेच. म्हणून वर्ग निवडताना पैसे भरण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ कडेला बसून पाहावे. सर्वांत कमकुवत विद्यार्थ्याला सर्वांत बलवान विद्यार्थी कसा पाडतो, पाडताना त्याची बाही धरतो का, आणि थोपटल्याबरोबर सोडतो का, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे. पाठीच्या मणक्याचा, मानेचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास असेल, हाडे ठिसूळ झाली असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्यांना केवळ वजन कमी करायचे आहे त्यांनी इतका खर्च आणि इतकी बोटदुखी पत्करू नये, टेकडीवर चालायला जावे. बाकी कोणत्याही वयाच्या, विशेषतः माझ्या वयाच्या बायकांनी निदान उकेमी शिकण्यापुरते तरी नाव घालावे. आमच्या वर्गात साठीच्या एक ताई फक्त तेवढ्यासाठीच येतात, रांदोरी करत नाहीत, आणि सरांनी त्यांना कधी आग्रहही केलेला नाही.