वजनावर जादा प्रीमियम की तपासणीवर सवलत? ग्रुप मेडिक्लेमच्या रिन्युअलआधी वाचा

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या एकत्रित आरोग्य विम्याचं, रिन्युअल जवळ आलं की ब्रोकर वाढलेल्या प्रीमियमचं कोटेशन घेऊन येतो आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "ज्यांचं वजन जास्त, त्यांच्या पगारातून थोडं जास्त कापूया." मरोळच्या एका कंपनीत एचआर सांभाळताना मी हे दोनदा ऐकलं. पहिल्यांदा मी गप्प बसले, त्याची रुखरुख अजून आहे. यंदा ज्यांच्या टेबलावर हा प्रस्ताव आहे, त्यांच्यासाठी दोन्ही वाटा मांडते.

कल्पना अमेरिकेतून आली. अलाबामा राज्याने 2008 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी महिना 25 डॉलरचा जादा आकार मंजूर केला. तो नुसत्या वजनावर नव्हता. जो तपासणी टाळेल, किंवा तपासणीत धोका दिसूनही काहीच करणार नाही, त्याला तो लागणार होता. तिथल्या कायद्यानुसार 2014 पासून प्रीमियममधला असा फरक विम्याच्या एकूण खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, तंबाखूसाठी 50 पर्यंत. पण आरोग्याचं ठरलेलं उद्दिष्ट न गाठणाऱ्याला तोच फायदा मिळवण्याचा दुसरा वाजवी मार्ग द्यावाच लागतो. मीटिंगमध्ये अमेरिकेचा दाखला येतो, ही अट मात्र कोणी सांगत नाही.

आपल्याकडचं गणित वेगळं आहे. वैयक्तिक पॉलिसी काढताना विमा कंपनी उंची-वजन विचारते आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) जास्त असेल तर लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लावू शकते. ग्रुप पॉलिसीचा प्रीमियम मुख्यतः सगळ्या गटाच्या वयावर, आई-वडील घेतलेत का यावर आणि गेल्या वर्षीच्या क्लेमवर ठरतो. एकेकाचं वजन सहसा विचारलंच जात नाही. म्हणजे वजनावर जादा आकार लावलात, तर तो विमा कंपनीने नव्हे, तुम्ही लावलेला असतो. शिवाय पगारातून काय कापता येतं यालाही कायद्याची मर्यादा आहे, तेव्हा आधी वकिलाला विचारा.

आता रेषा कुठे मारणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात बीएमआय 30 पासून लठ्ठपणा सुरू होतो. भारतीयांसाठी आपले डॉक्टर 25 धरतात, कारण आपल्याकडे मधुमेह कमी वजनावरच गाठतो. पाच फूट पाच इंच, म्हणजे 165 सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी पहिली रेषा साधारण 82 किलोवर येते आणि दुसरी 68 वर. मधल्या चौदा किलोंत तुमचं अर्धं ऑफिस बसेल. आणि बीएमआयला स्नायू कळत नाहीत, थायरॉइड कळत नाही, स्टेरॉइडच्या गोळ्या कळत नाहीत. बदलापूरहून रोज येऊन-जाऊन चार तास लोकलमध्ये उभा राहणारा आणि रात्री दहाला जेवणारा माणूसही कळत नाही. ती वेळ त्याने निवडलेली नाही, ऑफिसने ठरवलेली आहे.

पैसे तरी किती वाचतात? समजा 80 जणांच्या कंपनीत 20 जणांकडून महिना 300 रुपये घेतले. वर्षाला 72 हजार. मुंबईच्या खासगी हॉस्पिटलात एका अँजिओप्लास्टीचं बिल त्याहून मोठं येतं. एवढ्यासाठी वीस माणसांना दर महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर आपलं वजन वाचायला लावायचं?

"बारीक माणसाने जाड माणसाचा खर्च का उचलावा?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, टाळू नका. पण मग ज्याचे आई-वडील पॉलिसीत नाहीत त्याने इतरांच्या आई-वडिलांचा का उचलावा? अविवाहिताने बाळंतपणाचा का? एकमेकांचा भार वाटून घ्यायचा म्हणूनच ग्रुप आहे.

दुसरी वाट सवलतीची, आणि तीही वजनाला बांधू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 ते 2015 मध्ये हे करून पाहिलं. लठ्ठ कर्मचाऱ्यांना वजन घटवल्यास प्रीमियममध्ये 550 डॉलरची सूट देऊ केली. वर्षाअखेर त्यांचं वजन सूट न मिळणाऱ्यांपेक्षा लक्षणीय घटलं नव्हतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातही, वेलनेस, म्हणजे कर्मचाऱ्यांचं आरोग्य सुधारण्याच्या, कार्यक्रमामुळे दीड वर्षात आरोग्याच्या आकड्यांत किंवा खर्चात ठळक फरक दिसला नाही. तेव्हा सवलत दिल्याने प्रीमियम उतरेल असं मालकांना सांगू नका.

मग सवलत कशासाठी? तपासणीसाठी. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वेळेत कळावं म्हणून. आमच्याकडे दुसऱ्यांदा प्रस्ताव आला तेव्हा मी हेच मांडलं आणि ते मान्य झालं: तपासणी करून घेतली की आई-वडिलांच्या प्रीमियममधला कर्मचाऱ्याचा वाटा थोडा कमी, रिपोर्ट काहीही येवो. दोघांना मधुमेह असल्याचं त्यातूनच कळलं. त्यांच्यापैकी एकजण अंगाने काटकुळा होता. वजनकाट्याच्या योजनेने त्याला उलट शाबासकी दिली असती.

वजनाची खरंच काळजी असेल तर पॉलिसीतलं बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या, शस्त्रक्रियेचं कलम वाचा. बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल, तर डॉक्टरी सल्ल्याने ती सहसा कव्हर होते; रकमेवर वेगळी मर्यादा आहे का ते ब्रोकरला विचारा.

माझा कौल स्पष्ट आहे: जादा आकार नको, तपासणीवर सवलत हवी, आणि तेवढं बजेट नसेल तर सगळ्यांना सारखी वर्गणी. तपासणी लॅबकडून करून घ्या. रिपोर्ट थेट कर्मचाऱ्याच्या हातात जाऊ दे. एचआरकडे फक्त "तपासणी झाली" एवढीच यादी यावी, तीही लेखी संमती घेऊन.