भाकरी कुठे थापता, हे आधी विचारणारी सेवा : सोलापुरातील स्वयंपाकघर-नियोजनाचा अनुभव

सोलापुरात स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचे ठरले की बहुतेक कुटुंबे थेट ट्रॉली बसवून देणाऱ्या दुकानात जातात. तेथे शटरचा रंग आणि हँडलचा नमुना निवडला जातो, भिंतींची मापे घेतली जातात आणि त्या मापांत बसतील तितकी कपाटे बसवून मिळतात. ओट्यावर रोज नेमके काय केले जाते, सकाळी एका वेळी किती माणसे तेथे वावरतात, पिण्याचे पाणी कुठे साठवले जाते, हे प्रश्न क्वचितच निघतात. जुळे सोलापुरातील ज्या सेवेकडून आम्ही स्वयंपाकघराचे नियोजन करून घेतले, ती नेमकी या प्रश्नांपासून सुरुवात करते. काही त्रुटीही नोंदवायच्या असल्याने तिचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. परंतु कामाची पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे, आणि ती समजली तर कोणत्याही सुताराकडून किंवा ट्रॉलीवाल्याकडून तसे काम करून घेता येईल.

आमच्या घरात पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, शाळेत जाणारी दोन मुले आहेत आणि आई आहेत. चिंचोळी एमआयडीसीतील सकाळची पाळी आणि मुलांची शाळा यांमुळे साडेसहाच्या आत तीन डबे तयार व्हावे लागतात. ही माहिती ऐकून घेतल्यावर नियोजनकाराने भिंतींची मापे घेण्याआधी सकाळीच घरी येण्याची परवानगी मागितली. एका कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांनी कोण कुठून कुठे जाते याच्या रेषा जुन्या नकाशावर काढल्या. फ्रिज बाहेरच्या खोलीत, डबे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आणि पिण्याच्या पाण्याचे पिंप दाराशी, त्यामुळे सर्वाधिक गर्दी गॅसच्या मागच्या दोन फुटांत होत होती. मुले पाण्याची बाटली भरायलाही तापलेल्या तव्यामागून जात होती. हा कागद पाहिल्यावर काय बदलायचे याबद्दल घरात वाद उरला नाही.

गॅस, सिंक आणि फ्रिज या तीन ठिकाणांना जोडणारा त्रिकोण आटोपशीर असावा, हे तत्त्व १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासातून रूढ झाले. त्रिकोणाची प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट आणि तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांच्या आत असावी, असा त्याचा दंडक सांगितला जातो. आमची खोली ८ फूट बाय ११ फूट आहे. लांब भिंतीला आणि खिडकीच्या आखूड भिंतीला लागून काटकोनी ओटा, खिडकीखाली सिंक, लांब भिंतीच्या मध्यावर गॅस आणि दाराजवळ फ्रिज अशी मांडणी ठरली. समोरच्या भिंतीला केवळ १५ इंच खोलीचे डब्यांचे कपाट दिले. दोन फुटांचा ओटा आणि हे कपाट वजा जाता मधे पावणेपाच फूट मोकळे राहतात. दोन माणसे एकाच वेळी काम करणार असतील तर मधली वाट ४८ इंचांहून कमी नसावी, या मापात ते बसते. फ्रिज दाराशी आल्यामुळे मुले आता गॅसजवळ येतच नाहीत. डब्यांचे कपाट फ्रिजच्या शेजारी आहे आणि त्यातील एक फळी ओढून बाहेर काढता येते. तीन डबे तिच्यावर मांडून भरले जातात आणि ओटा मोकळा राहतो.

या सेवेचा खरा कस ओट्याच्या उंचीत दिसला. दुकानांतून सरसकट ३२ ते ३४ इंचांचा सलग ओटा करून दिला जातो. भाजी चिरण्यासाठी तो योग्य असतो, कारण चिरताना हात कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असले की खांदे उचलावे लागत नाहीत. ज्वारीची भाकरी मात्र वरून खाली जोर देऊन मळावी आणि थापावी लागते. उकळत्या पाण्याने भिजवलेले पीठ तळहाताने रगडताना परात उंचावर असेल, तर सगळा भार मनगटावर येतो. आईंची उंची पाच फुटांहून कमी आहे आणि घरात रोज भाकरी होते, त्यामुळे लांब ओट्याचा गॅसकडील भाग २९ इंचांवर घ्यावा आणि उरलेला ३४ इंचांवर ठेवावा, असे सुचवण्यात आले. ग्रॅनाईट बसवणाऱ्या गवंड्याला सलग रेष तोडणे पसंत नव्हते. आम्हालाही शंका होती. परंतु शेगडी स्वतः चार ते सहा इंच उंच असते, त्यामुळे खालच्या भागावर ठेवल्यावर तिची वरची पातळी उरलेल्या ओट्याच्या बरोबरीला येते आणि मोठ्या पातेल्यात डोकावण्यासाठी टाचा उंचवाव्या लागत नाहीत. परातीतून उचललेली भाकरी तव्यावर टाकायला एक पाऊलही हलावे लागत नाही. ज्या घरात रोज भाकरी होते, त्या प्रत्येक घराने ही गोष्ट करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. शेंगांची चटणी कुटण्याचा दगडी खलबत्ताही त्यांनी विसरला नाही. ओट्याच्या दोन आधारांच्या मध्यावर त्याचे घाव बसले तर दगडाला तडा जाण्याची भीती असते. म्हणून त्याची जागा थेट उभ्या कडप्प्याच्या वर, कोपऱ्यात नेमली आहे.

पाण्याचा विचार सोलापुरात टाळता येत नाही. उजनी धरणाचे पाणी शहराला मिळत असले तरी नळाला ते रोज येत नाही, त्यामुळे पिण्याचे पाणी भरून ठेवणे हा घरकामाचा मोठा भाग असतो. ५० लिटर पाण्याचे वजन ५० किलो होते. असे पिंप भरल्यावर हलवायचे नसते, एवढी साधी गोष्ट आमच्या जुन्या मांडणीत पाळली गेली नव्हती. नव्या मांडणीत सिंकशेजारी ओट्याखाली एक खण उघडा ठेवून पिंप आतमध्ये एका बुटक्या कट्ट्यावर बसवले आहे. महापालिकेच्या नळाची वेगळी तोटी थेट त्याच्या तोंडावर येते आणि पिंपाच्या तोटीखाली तांब्या सहज बसतो. घागरी उचलून नेणे पूर्णपणे थांबले, आणि आईंच्या दृष्टीने साऱ्या कामातील हाच सर्वांत मोठा लाभ ठरला.

सिलिंडरच्या बाबतीत त्यांनी तडजोड केली नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाच्या शटरला तळाशी आणि वर जाळी दिली आहे, आणि शेगडी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर राहील याची २९ इंचांच्या ओट्यावरही खात्री करून घेतली. खिडकीखाली गॅसऐवजी सिंक असण्याचे कारणही असेच व्यवहारी आहे : वाऱ्याने ज्योत विझत नाही.

साहित्याबद्दलचा सल्ला प्रामाणिक वाटला. सिंकखाली आयएस ७१० (भारतीय मानक) प्रतीचे, ओल सोसणारे मरीन प्लायवूड आणि ट्रॉलीसाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील असा त्यांचा आग्रह होता. २०२ प्रतीचे स्टील स्वस्त पडते, पण मीठ आणि ओल यांपुढे लवकर डागाळते. इतर कपाटांना मात्र साधे पाणीरोधक प्लायवूड पुरेल, असे त्यांनी आपणहून सांगितले. सर्व कपाटे जमिनीपासून चार इंच उचलून पायांवर घेतली आहेत, त्यामुळे फरशी धुता येते आणि ओट्याशी उभे राहताना पावले आत सरकतात.

आता त्रुटी. विजेचा नकाशा शेवटी हाती आला, तोवर भिंतीचा गिलावा झाला होता, आणि ओव्हनसाठी लागणाऱ्या १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी एक भिंत पुन्हा फोडावी लागली. काटकोनातील फिरत्या ट्रॉलीवर बराच खर्च झाला. तिच्यात मोठी पातेली बसत नाहीत, आणि तेथे साधी फळी असती तर अधिक सामान राहिले असते. सणावारी लागणारी मोठी भांडी कुठे ठेवायची, याचा विचार मूळ आराखड्यात नव्हता; आम्ही विचारल्यावर माळ्याचा एक भाग वाढवून देण्यात आला. शिवाय नियोजन आणि प्रत्यक्ष काम यांची माणसे वेगळी आहेत. आराखडा जितका काटेकोर होता, तितके सुतारकाम नव्हते, आणि दोन शटर दुसऱ्यांदा जुळवून घ्यावी लागली. वेळापत्रक लेखी मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा ते प्रथमच मागून घ्यावे.

आराखड्याचे शुल्क एका चांगल्या मिक्सरच्या किमतीएवढे असून काम त्यांच्याकडेच दिल्यास ते एकूण रकमेतून वळते होते. केवळ आराखडा घेऊन काम आपल्या ओळखीच्या सुताराकडून करून घेण्याची मुभाही आहे, आणि आम्हाला हाच पर्याय अधिक सोयीचा वाटतो. एकट्या-दुकट्या माणसाला किंवा बाहेरून डबा मागवणाऱ्या घराला एवढ्या खोलात जाण्याची गरज भासणार नाही. ज्या घरात दोन पिढ्या एकाच ओट्यावर राबतात, त्यांनी मात्र शटरचा रंग ठरवण्याआधी या आराखड्यासाठी खर्च करावा, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून ते सिंककडेच वाहते का, तसेच धान्याचे डबे भरून ठेवल्यावर ट्रॉली अडखळत नाही ना, हे स्वतः पाहून घ्यावे.