रोपवे, मोनोरेल, जलमेट्रो की बीआरटी? प्रस्तावावर मत देण्यापूर्वी

शहरातील वाहतूक कोंडी हाताबाहेर गेली की महापालिकेच्या सभागृहात कधी ना कधी एक सादरीकरण होते. त्यातल्या चित्रांतील रस्त्यांवर खड्डे नसतात, हातगाड्या नसतात आणि सगळ्यांच्या डोक्यावरून एक चकचकीत डबा निघालेला असतो. असा प्रस्ताव समोर आलेल्या नगरसेवकाला, किंवा त्यावर हरकती-सूचना नोंदवू इच्छिणाऱ्या रहिवाशाला उपयोगी पडावी म्हणून ही चार पर्यायांची तुलना केली आहे. जे वाहन जगात कोठेतरी प्रवासी घेऊन रोज चालले आहे तेच विचारात घ्यायचे, एवढी एक अट पाळली आहे. त्यामुळे चीनमधील छिनह्वांगदाओ शहरात ऑगस्ट 2016 मध्ये दाखवलेली, मोटारींच्या वरून सरकणारी बस येथे आढळणार नाही; 1,200 प्रवासी नेण्याचा दावा असलेल्या त्या बसची चाचणी 300 मीटरच्या रुळावर झाली आणि वर्षभरात बस व रूळ दोन्ही हटवले गेले. हायपरलूपही (जवळपास निर्वात नळीतून अतिवेगाने डबे धाववण्याची कल्पना) वगळला आहे, कारण ती मुळात शहरांतर्गत वाहतूक नव्हे, आणि पुणे–मुंबई मार्गासाठी जिचे नाव गाजत होते ती कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंदही झाली.

कोणताही पर्याय पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात: गर्दीच्या तासाला एका दिशेने किती माणसे जातील, रस्ता सोडून जाण्याचे खरे कारण काय आहे, आणि दहा वर्षांनी एखादा भाग तुटला तर तो कोणाकडे मिळेल.

रोपवे म्हटले की आपल्याला रायगड आठवतो. तेथे पाळणे वर-खाली ये-जा करतात आणि आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहावे लागते. शहरी रोपवेची रचना मात्र वेगळी असते. दोर अखंड फिरत राहतो. स्थानकात शिरताच डब्याची पकड दोरावरून सुटते, डबा माणसाच्या चालीपेक्षाही मंद गतीने फलाटाला लागून सरकतो, प्रवासी चढतात-उतरतात, दार मिटते आणि डबा पुन्हा दोर पकडतो. म्हणजे वेळापत्रक नावाची गोष्टच उरत नाही. दहा जणांचा डबा दर बारा सेकंदांनी सुटला तर तासाला 300 डबे आणि 3,000 प्रवासी होतात. साठ प्रवाशांच्या पन्नास बस तासाभरात सोडल्या तरच हा आकडा गाठता येईल.

कोलंबियातील मेदेयीन शहराने 2004 मध्ये हा मार्ग धरला. डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये बस पोहोचणे कठीण होते, म्हणून दरीतल्या मेट्रोच्या स्थानकातूनच दोर वर नेला गेला. बोलिव्हियातील ला पाझने 2014 पासून एकामागून एक दहा मार्ग उभारले, आणि सुमारे 4,000 मीटर उंचीवरचे एल आल्तो व खालच्या खोलगट भागातील ला पाझ ही जोडशहरे वळणावळणांच्या रस्त्यांऐवजी दोराने जोडली गेली. दोन्ही ठिकाणी चढ हीच खरी अडचण होती, आणि तीवर दोर हेच सर्वांत स्वस्त उत्तर होते. याउलट लंडनमध्ये 2012 साली थेम्स नदीवर उभारलेला रोपवे रोजच्या नोकरदारांपेक्षा पर्यटकांचाच राहिला. जवळच नदीखालून भुयारी रेल्वे जात असताना वेगळे तिकीट काढून कामावर कोण जाणार? रिओ द जानेरोचे उदाहरण अधिक बोचरे आहे. तेथे डोंगरही होता, वस्तीही होती, 2011 मध्ये सेवा सुरूही झाली. परंतु 2016 मध्ये पैशाअभावी ती थांबली. वाराणसीत कँट स्थानक ते गोदौलिया या पावणेचार किलोमीटरच्या रोपवेचा पाया मार्च 2023 मध्ये घातला गेला. तेथे डोंगर नाही, पण गल्ल्यांचा गुंता असा आहे की जमिनीवरून नवा रस्ता काढणे अशक्यच आहे. म्हणून तो प्रयोग सपाटीवरच्या जुन्या शहरांनी लक्ष देऊन पाहावा असा आहे.

मोनोरेलबद्दल मुंबईकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही, परंतु तिचे अपयश नेमके कशात होते हे मात्र नीट समजून घ्यावे. फेब्रुवारी 2014 मध्ये चेंबूर ते वडाळा आणि मार्च 2019 मध्ये पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत, असा सुमारे 20 किलोमीटरचा मार्ग झाला. चार डब्यांच्या गाडीत 562 प्रवासी मावतात असे गृहीत धरून पंधरा मिनिटांनी एक गाडी सोडली, तर तासाला एका दिशेने 2,248 प्रवासी जातात. वर सांगितलेल्या पाळण्यांपेक्षाही हा आकडा कमी आहे, हे काँक्रीटच्या त्या भल्या थोरल्या तुळया पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही. दोष एका तुळईवरून धावण्याच्या कल्पनेत नाही. चीनमधील चोंगछिंग या डोंगर आणि नद्यांच्या शहरात मोनोरेल ही गजबजलेली मुख्य वाहिनी आहे. पण तेथे गाड्या लांब असतात, पाठोपाठ येतात आणि देशातच बनतात. मुंबईत गाड्या एका मलेशियन कंपनीच्या होत्या, आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर एका गाडीचे भाग काढून दुसरी चालवण्याची वेळ आली. नोव्हेंबर 2017 मध्ये म्हैसूर कॉलनीजवळ दोन डब्यांना आग लागल्यानंतर सेवा अनेक महिने बंद राहिली. ऑगस्ट 2025 मध्ये मुसळधार पावसात लोकल बंद पडल्याने प्रवाशांनी मोनोरेलकडे धाव घेतली, भार मर्यादेबाहेर गेला, गाडी मध्येच अडकली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून शेकडो प्रवासी उतरवावे लागले. रेल्वे बंद पडली तर माणूस रुळांवरून चालत जातो; तुळईवर ती सोय नसते. पुढच्याच महिन्यात सुधारणांसाठी ही सेवा थांबवण्यात आली.

लोंबती रेल्वे ही मोनोरेलची चुलत बहीण. जर्मनीतील वुपरटाल शहरात ती 1901 पासून चालते, कारण दरी अरुंद आहे आणि नदीच्या पात्रावरील आकाशाखेरीज मोकळी जागाच नाही, 13.3 किलोमीटरचा तो मार्ग बहुतांश नदीवरूनच जातो. आपल्याकडे कोकण रेल्वेने याच जातीचा स्कायबस प्रकल्प मडगावात चाचणीपर्यंत नेला होता. 25 सप्टेंबर 2004 रोजी चाचणीतच अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, प्रकल्प तेथेच खुंटला, आणि उरलेले खांब मडगावकरांनी पुढे कित्येक वर्षे पाहिले. कल्पना भारतीय होती आणि अभ्यासूही होती. तरीही ज्या वाहनाचे जगात दुसरे गिऱ्हाईक नाही, त्याचा पहिला प्रयोग आपल्या शहराच्या पैशाने होऊ द्यावा का, याचे माझे उत्तर नकारार्थी आहे.

जलमेट्रोकडे मात्र मी बऱ्याच आशेने पाहतो. कोचीत एप्रिल 2023 मध्ये सुरू झालेल्या सेवेत शंभर प्रवाशांच्या, विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी आहेत. त्या कोचीन शिपयार्डमध्येच बांधल्या गेल्या, त्यामुळे सुट्या भागांचा प्रश्न परदेशात जात नाही. योजना दहा बेटे आणि 38 धक्के जोडण्याची आहे. प्रत्यक्षात नजरेत भरतो तो बोटीपेक्षा धक्का: तरंगता फलाट भरती-ओहोटीबरोबर बोटीसोबतच वर-खाली होतो, त्यामुळे चाकाची खुर्ची किंवा आजींची काठी बोटीत जाताना पायरी लागत नाही. आपल्या फेरीबोटींत फळीवरून उडी मारून चढलेल्या कोणालाही याचे मोल कळेल.

पण कोचीची नक्कल मुंबईत जशीच्या तशी उतरेल, असे समजू नये. कोचीचे पाणी आडोशाचे, खाड्या-कालव्यांचे असून तेथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभराचा असतो. मुंबईत तो चार मीटरांच्या पुढे जातो, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. ठाणे, वसई किंवा गोव्यातील मांडवीसारख्या आतल्या पाण्याला हा पर्याय अधिक मानवेल. शंभर जणांची बोट दहा मिनिटांनी सुटली तरी तासाला सहाशेच माणसे जातात, म्हणून पूल नसलेल्या बेटांसाठी ती उत्तम आणि महामार्गाला पर्याय म्हणून तोकडी आहे.

बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा) या यादीत सर्वांत कमी आकर्षक दिसते, कारण ती शेवटी बसच आहे. ब्राझीलच्या कुरितिबाने 1974 मध्ये बसला स्वतंत्र मार्गिका दिली. बोगोताने 2000 मध्ये त्यात थांब्यांवर पुढे जाण्यासाठी जादा मार्गिका जोडली आणि तासाला एका दिशेने चाळीस हजारांहून अधिक प्रवासी नेले. पुण्याने कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर 2006 मध्ये देशात सर्वांत आधी हा प्रयोग केला. मार्गिका चौकाचौकांत तुटत गेली, दुचाकी तीत शिरत राहिल्या, आणि बस फलाटापासून हातभर लांब उभी राहिली की प्रवाशाला रस्त्यावर उतरून पुन्हा चढावे लागले. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका उखडली गेली. दिल्लीनेही आपली मार्गिका 2016 मध्ये काढून टाकली. अहमदाबादची 2009 पासून चालू आहे. सहज न मिळणारे कोणतेही यंत्र बीआरटीला लागत नाही. तिला लागते ती रस्त्याची रुंदी आणि मोटारवाल्यांची नाराजी पत्करण्याची तयारी. रस्ता तीस मीटरहून अरुंद असेल तर बोगोताचे आकडे विसरावेत.

तेव्हा शहर डोंगरावर चढलेले असेल, किंवा मधली दरी ओलांडायची असेल आणि तासाची गर्दी तीन हजारांच्या आत असेल, तर रोपवेचा प्रस्ताव गांभीर्याने घ्यावा. मात्र त्याचे तिकीट बस व मेट्रोच्या तिकिटातच असेल, हे निविदेतच लिहून घ्यावे. आतल्या पाण्याकाठच्या शहराने आधी जलमेट्रोचा विचार करावा. मोनोरेल सुचवणाऱ्याकडून गाड्यांच्या निर्मात्याचे नाव, त्याच्या गाड्या आणखी कोणत्या शहरांत चालतात याची यादी, आणि तुळईवर अडकलेले प्रवासी किती मिनिटांत कसे उतरवले जातील याचा लेखी आराखडा मागावा. आणि ज्या सपाट शहरात रुंद रस्ते आहेत, त्याने वरच्या तिन्हींकडे वळण्यापूर्वी आपल्या सर्वांत गर्दीच्या रस्त्यावर सहा महिने नुसते रंगाचे पट्टे आणि वाहतूक पोलीस ठेवून बसला मोकळी वाट देऊन पाहावे. त्यासाठी निविदाही काढावी लागत नाही.