वसईच्या उकाड्यात बीएलडीसी पंखा: आमच्या घराचा आणि धर्मग्रामाचा अनुभव

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. आमच्या आळीत आता तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे फिरतायत आणि विजेच्या बाबतीत त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. हा अभिप्राय त्या पंख्याच्या जातीचा आहे, आणि धर्मग्रामाने, म्हणजे आमच्या चर्चच्या कक्षेतल्या घरांनी, मिळून ते घेण्याचाही.

आमचं घर वसईच्या पश्चिमेला, वाडीत. पूर्वी कौलं होती, आता स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यात समुद्राचा दमटपणा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सोडल्या तर पंखा बंद होतच नाही. सासूबाई दिवसभर ओटीवरच्या खोलीत असतात, तिथला पंखा दिवसाही चालू आणि रात्रीही. एसी एकाच खोलीत आहे आणि तो मे महिन्यापुरता. म्हणजे आमच्या बिलातला खरा खाणारा पंखाच.

जुना छताचा पंखा पूर्ण वेगावर साधारण ७५ वॅट घेतो. १२०० मिलिमीटरचा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. त्याच्या फिरत्या भागात चुंबक असतात आणि वेग आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट सांभाळतं, त्यामुळे मोटर तापण्यात जाणारी वीज वाचते. जुना पंखा तासभर चालल्यावर त्याच्या मधल्या भागाला हात लावून बघा. ती सगळी ऊब आपण पैसे देऊन विकत घेतलेली असते, आणि तीही उकाड्यात.

हिशेब सोपा आहे. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त वाचतं, महिन्याला सोळा युनिटं. असे तीन पंखे म्हणजे पन्नासच्या जवळ. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्यापुढे आणखी चढा. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी बिलाच्या वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातून कमी होतं. युनिटला सगळं धरून दहा रुपये मानले तरी पंख्यामागे महिन्याला एकशे साठ रुपये. पंखा तीन हजारांच्या घरात पडला, म्हणजे जास्त चालणाऱ्या खोलीत दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. स्थिर आकार मात्र तसाच राहतो, तो कमी होईल अशी आशा धरू नका.

या आकड्यांवर आमच्याकडे कुणी विश्वास ठेवला नसता, जर धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी ते मोजून दाखवले नसते. वर्ग घेणाऱ्या आमच्या एका तरुणाची ही कल्पना. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करायचं, फ्रीजसुद्धा, फक्त एक पंखा पूर्ण वेगावर लावायचा आणि पाच मिनिटं लुकलुक मोजायची. जुन्या पंख्याला वीस, नव्याला आठ. मुलांनी घरोघरी जाऊन हे केलं आणि प्रत्येक घराला कागदावर आकडा लिहून दिला. ज्या आजोबांना वॅट म्हणजे काय ते कधी कळलं नव्हतं, त्यांना वीस आणि आठ लगेच कळले. पंखा घेण्याआधी तुम्हीही हे करून बघा, पैसा लागत नाही. फक्त मीटरवरचा आकडा आधी वाचा, प्रत्येक मीटरला तो वेगळा असू शकतो.

आता चर्चची गोष्ट, कारण सुरुवात तिथूनच झाली. पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे सृष्टीची काळजी घेण्याबद्दलचं परिपत्रक २०१५ साली आलं. त्याच्या २११ व्या परिच्छेदात अगदी घरगुती कामांची यादी आहे: नको असलेले दिवे बंद करणं, खाऊ तेवढंच शिजवणं, पाणी जपून वापरणं, झाडं लावणं. ५५ व्या परिच्छेदात एसीच्या वाढत्या वापराचा उल्लेख आहे. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत, आमच्या आळीच्या प्रार्थनासभेत हे वाचलं गेलं आणि फादरांनी विचारलं, मांसाहार सोडतो तशी या चाळीस दिवसांत थोडी वीज सोडता येईल का? कुणीतरी म्हणालं, चर्चचेच पंखे बदलू, लोकांना दिसेल. दानही जमू लागलं.

मी पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळात, याला विरोध केला, आणि आजही माझं तेच मत आहे. चर्चमधला पंखा आठवड्यात किती तास चालतो? रोजची सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), रविवारच्या मिस्सा, एखादं लग्न, एखादी अंत्यविधीची मिस्सा. धरा दहा तास. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला जेमतेम दोन युनिटं वाचणार, आणि तीन हजार वसूल व्हायला बारा वर्षं लागणार. तोच पंखा सासूबाईंच्या खोलीत दोन वर्षांच्या आत पैसे वसूल करतो. धर्मग्रामाची वीज चर्चच्या इमारतीत खर्च होत नाही, ती आपल्या शेकडो घरांत खर्च होते. देवाच्या घरासाठी आधी करावं ही भावना मला कळते, माझ्या आईनेही तेच म्हटलं असतं. पण सृष्टीच्या दृष्टीने बघितलं तर दोन युनिटं आणि सोळा युनिटं यांत निवड करायला वेळ लागू नये.

शेवटी कौन्सिलने तेच ठरवलं. जमलेल्या पैशांतून फादरांच्या निवासात आणि सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये पंखे बसले, कारण तिथे ते दिवसरात्र चालतात. चर्चमध्ये जो पंखा जळेल त्याच्या जागी नवा येईल, एवढंच. घरांसाठी महिला मंडळाने एकत्र खरेदी केली. यादी केली, बाजारातल्या दुकानदाराशी बोललो, संख्या मोठी असल्यामुळे भाव उतरला आणि बसवण्याची मजुरी त्याने घेतली नाही. एकटीने गेले असते तर हे जमलं नसतं.

वापराचा अनुभव चांगला आहे. ऑक्टोबरमध्ये घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते. आमच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं बसतात, तेव्हा दोन पंखे पूर्ण वेगावर लागतात. जुन्या पंख्यांची घरघर इतकी असे की मागच्या बाईला पुढच्याचं 'नमो मरिये' ऐकू येत नसे आणि सगळे एकमेकांच्या मागे पडत. आता फक्त वाऱ्याचा आवाज. दुसरा मोठा फायदा इन्व्हर्टरचा. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की आमच्या भागात तासन्‌तास अंधार. त्याच बॅटरीवर आता पंखे दुपटीहून जास्त वेळ चालतात. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी बिलाचा हिशेबही करत बसू नये, सरळ बदलावेत.

त्रासही आहेत. भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर हा पंखा चालवायचा नाही. रेग्युलेटर काढून थेट जोडणी करून घ्यावी लागते आणि वेग रिमोटने बदलतो. सासूबाईंना रिमोट पसंत नाही. त्यांच्यासाठी मी दोन बटणांवर लाल रंगाची टिकली लावली, बाकीच्यांवर चिकटपट्टी, आता जमतं. हॉलमध्ये एकाच मॉडेलचे दोन पंखे असतील तर एका रिमोटला दोन्ही ऐकतात, एकट्याचा वेग बदलायचा असेल तर पंचाईत. घेताना एक एका मॉडेलचा आणि दुसरा वेगळ्या मॉडेलचा, असं करता येतं.

सगळ्यात गंभीर तक्रार दुरुस्तीची. जुना पंखा बंद पडला की कोपऱ्यावरचा वायरमन कपॅसिटर बदलून द्यायचा, फार तर वायंडिंग करून आणायचा. याचं सर्किट गेलं की तो हात वर करतो. विजांच्या एका रात्री आमचा एक पंखा गेला. सर्किट वॉरंटीत फुकट बदललं, पण कंपनीचा माणूस येईपर्यंत बरेच दिवस गेले आणि तेवढे दिवस शेजाऱ्यांचा टेबलफॅन उसना आणावा लागला. घेण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: वॉरंटी किती वर्षांची, आणि सर्किट वसई-विरारमध्ये मिळतं की मुंबईहून मागवावं लागतं. पंख्यावरचं वीजबचतीचं तारांकनही बघा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं आहे. पाच तारे असतील तरच एवढा खर्च करा.

पाहुण्यांच्या खोलीत, माळ्यावर, देवघराच्या कोपऱ्यात अजिबात बदलू नका. आमच्या तिथे जुनेच आहेत. छतावरच्या सौर पॅनलबद्दलही लोक विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, व्हॅटिकनमध्येही पॉल सहावे सभागृहाच्या छतावर २००८ पासून पॅनल आहेत. घ्यावेत, जरूर. पण आधी पंखे बदलले तर पॅनल कमी लागतील.

एका गोष्टीवर आमच्या मंडळात अजून एकमत नाही. काढलेले जुने पंखे गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत गरीब घरांना द्यावेत असं बऱ्याच जणींना वाटतं. मला ते पटत नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात तिथे पंखा वीस तास चालतो. आपण ७५ वॅटचा पंखा त्यांना देतो तेव्हा आपलं बिल त्यांच्या दारात नेऊन ठेवतो. त्या घरात नवा पंखा गेला तर महिन्याला सत्तावीस युनिटं वाचतील आणि एकशेवीस-पंचवीस युनिटांवर असलेलं कुटुंब शंभरच्या आत, स्वस्त टप्प्यात येईल. म्हणून यंदाच्या यादीत प्रत्येक दहा पंख्यांमागे एक त्या घरांसाठी लिहायचा आणि जुने सगळे भंगारवाल्याला द्यायचे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. तांब्याचे पैसे येतात, तेही त्याच खात्यात जातील. यादी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी बंद होते, आमच्या धर्मग्रामातल्या ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी मिस्सेनंतर मंडळाच्या टेबलावर द्यावं.