कथा वाचायला शिकवणारा दोन रविवारचा वर्ग : निम्मा लय भारी, निम्मा घाईत

फी १२०० रुपये, दोन रविवार, सकाळी १० ते १. नाव देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारपण आहे. मी लिहीत वगैरे नाही, नुसती वाचते, पण वाचून झाल्यावर भिशीत कुणी विचारलं की गोष्ट नक्की कशाची आहे तर माझं ततपप होतं, म्हणून गेले.

पहिला रविवार अख्खा 'बनगरवाडी'वर. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, १९५५ ची, धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या तरुण मास्तरची; घरून वाचून यायचं होतं (अर्ध्यांनी वाचलीच नव्हती ते सोडा). सरांनी आल्या आल्या विचारलं, यात भांडण कुणाचं कुणाशी? मी छातीठोक सांगितलं, मास्तर विरुद्ध दादू बालट्या, तो मास्तरच्या वाईटावरच असतो ना. सर म्हणाले बरं, आता दादूला पुस्तकातून काढून टाका आणि सांगा शेवट बदलतो का. नाही हो बदलत! दादू असो नसो, पाऊस दडी मारणार, मेंढरं मरणार, वाडी उठून जगायला जाणार. मग मागून एकजण म्हणाला, सरळ आहे की, माणूस विरुद्ध दुष्काळ. सर त्यावरपण खूश नाहीत. दुष्काळ येतो शेवटाकडे, मग आधीची ती शाळा भरवायची धडपड, तालीम (कुस्तीची) बांधणं, ते कशाला? तिथं माझी ट्यूब पेटली. मास्तरला वाडीत काहीतरी टिकणारं उभं करायचंय आणि वाडीचं पोटच असं की पाऊस नाही तर मुक्काम नाही. तालीम वाडीनं स्वतः राबून बांधली, म्हणून तर शेवटची रिकामी वाडी एवढी लागते. तीनदा वाचूनपण हे मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मात्र गाडी सुसाट. विजय तेंडुलकरांचं नाटक 'शांतता! कोर्ट चालू आहे', ज्यात नाटकमंडळी गंमत म्हणून आपल्यातल्याच बेणारेबाईवर खटला चालवतात, ते ४० मिनिटांत उरकलं. लुटुपुटूचा खटला नेमका कुठे खरा होतो, बेणारेबाई कुठपर्यंत हसण्यावारी नेते, यावर अख्खी सकाळ गेली असती तरी चाललं असतं. त्याऐवजी काय, तर संघर्षाच्या प्रकारांच्या स्लाइड. माणूस विरुद्ध निसर्ग, विरुद्ध समाज, विरुद्ध स्वतः, अहो हे नेटवर फुकट मिळतं! चहा गार, पार्किंग नाही.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर पुस्तक खरंच वाचून जा आणि पुढच्या रांगेत बसा, माइक नाहीये.