मुलाला आर्टिस्टिक स्केटिंग शिकवायचंय? नेरूळच्या एका क्लासचा रिव्ह्यू

नेरूळ-सीवूड्स साइडला स्केटिंगचे क्लास ढीगभर आहेत पण जवळपास सगळे स्पीडवाले, पोरांना गोल गोल पळवायचं आणि टायमर लावायचा. आर्टिस्टिक म्हणजे टीव्हीवर बर्फावरचं जे फिगर स्केटिंग बघतो ना, जंप, स्पिन, म्युझिकवर प्रोग्रॅम, त्याचं चाकांवरचं रूप, ते नीट शिकवणारे फार कमी. त्यात मुलगा असेल तर अजूनच वांधे. आधी एका ठिकाणी विचारलं तर तोंडावर सांगितलं की हे मुलींचं असतं, याला स्पीडला टाका. माझ्या मुलाला जपानच्या फिगर स्केटर युझुरु हान्यूसारखं स्केटिंग करायचंय हो, शर्यत नाही लावायची. म्हणून हा रिव्ह्यू खास मुलग्यांच्या आईबाबांसाठी.

या क्लासचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे सर पहिल्याच दिवशी नवीन बूट घ्यायला लावत नाहीत. जुन्या मुलांना लहान झालेले बूट एका पेटीत ठेवलेत, त्यातले वापरा म्हणतात. आमच्याकडे ताईचे पांढरे बूट घरातच होते, तेच त्याला बसले, पण पांढरे म्हणजे मुलींचे म्हणून हा रुसून बसला. सरांनी त्याला सांगितलं की अमेरिकेचा नेथन चेन, बीजिंग २०२२ ऑलिंपिकचा फिगर स्केटिंग गोल्ड मेडलिस्ट, लहानपणी बहिणीचेच पांढरे स्केट्स घालून बर्फावर उतरला होता. आणि हान्यूपण चार वर्षांचा असताना मोठ्या बहिणीच्या मागे मागेच रिंकवर गेला. झालं, गडी तयार! बूट घालतानाही घाई नाही, टाच जमिनीवर ठोकून मागे बसवायची, घोट्यापाशी लेस घट्ट, बोटांकडे सैल, मग गुडघा पुढे वाकवायचा आणि आत टाच उचलली गेली तर बूट मोठा आहे, बदला.

सुरुवातीला बरेच महिने जंप नाही म्हणजे नाही. आधी पडायला शिकवतात, गुडघे वाकवून एका कुशीवर जायचं, हात टेकायचा नाही कारण मनगट जातं. मग खडूने वर्तुळ काढून एज, म्हणजे बूट एका बाजूला कलवून त्या रेषेवर वळत जायचं, आतली, बाहेरची, पुढे, मागे, एकाच पायावर. काही पालक कुरकुरतात की दुसऱ्या क्लासची मुलं गिरक्या मारायला लागली पण. मला सरांचं शंभर टक्के पटतं. हान्यूचंच बघा, नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानमधल्या एनएचके ट्रॉफी स्पर्धेच्या सरावात क्वाड लुट्झवर (क्वाड म्हणजे हवेत चार फेऱ्यांची जंप) पडला, उजव्या घोट्याचं लिगामेंट दुखावलं, मधे एकही स्पर्धा नाही आणि थेट फेब्रुवारी २०१८ ला प्योंगचांग ऑलिंपिकला उतरून ३१७.८५ पॉइंटने गोल्ड. सलग दुसरं ऑलिंपिक गोल्ड, पुरुषांमध्ये १९५२ च्या डिक बटननंतर हे कोणालाच जमलं नव्हतं. सगळे त्या मेडलचं कौतुक करतात, मी आई आहे, मला तो घोटा दिसतो. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला क्वाड ॲक्सल करायला गेला, ही जंप पुढे तोंड करून मारतात म्हणून हवेत साडेचार फेऱ्या, पडला, चौथा आला आणि त्याच जुलैमध्ये वयाच्या २७ व्या वर्षी स्पर्धा सोडल्या. इतकं छोटं करिअर असतं या पोरांचं, मग अकराव्या वर्षी सांध्यांवर मार कशाला?

अजून एक, प्रोग्रॅम मधेच थांबवू देत नाहीत. पडलास तर ऊठ, म्युझिक जिथे असेल तिथून पकड. माझा मुलगा पडला की रडवेला होऊन कडेला यायचा, आता पँट झटकत पुढची स्टेप पकडतो. चेन प्योंगचांगला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या छोट्या भागात, १७ वा होता, दुसऱ्या दिवशी फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या भागात, सहा क्वाड टाकून त्या भागात पहिला आला, एकूण पाचवा. ही गोष्ट आमच्या बॅचमधल्या सगळ्या मुलांना पाठ आहे.

आता खटकलेलं. पावसाळ्यात ओपन कोर्ट बंद, मग एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये क्लास घेतात, तिथे मधे खांब, स्पिन ठीक आहे पण लांब एजला जागाच नाही, आणि फी तेवढीच. कोर्टाच्या एका कोपऱ्यात सिमेंट उखडलंय तिथे चाक अडकतं, ते तर लगेच बुजवायला पाहिजे. आणि हे चाकांवरचंच आहे बरं का, बर्फाची अपेक्षा ठेवून येऊ नका, मोठा बर्फाचा रिंक हवा तर डेहराडूनच गाठावं लागेल.

फी इतर क्लासपेक्षा थोडी जास्त आहे, भावंडं असतील तर सूट देतात, नक्की मागा. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या पार्किंगचा कापला. सर, हे वाचत असाल तर पावसाळ्यासाठी एखाद्या शाळेचा हॉल बघा ना, शाळेत बोलायला आम्ही दोन-तीन पालक येतो तुमच्यासोबत.