विश्रामबागच्या सिम्युलेटरवर नॅस्कार: व्हील उत्तम, ब्रेक जड

सांगलीत विश्रामबागच्या या गेमिंग सेंटरमध्ये नॅस्कारप्रेमींनी, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या चाहत्यांनी, दोन नंबरची, डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलची (स्टिअरिंग थेट मोटरला जोडलेलं) सीटच मागावी. एक नंबरचं, मोटरचा जोर गिअरमधून देणारं व्हील मागच्या टायरची पकड सुटल्याचं उशिरा कळवतं. तोवर गाडी फिरलेली असते.

अडचण ब्रेकची. अमेरिकेतला मार्टिन्सव्हिलचा नॅस्कार ट्रॅक जेमतेम 0.526 मैलांचा, लॅपला दोनदा जोरदार ब्रेक लागतो. इथलं लोड सेल पेडल पाय किती खाली गेला ते नाही, दाब किती पडला ते मोजतं, आणि कॅलिब्रेशन इतकं जड आहे की दाबताना खुर्चीच मागे सरकते. सुरुवातीलाच ते नव्यानं करून घ्या: पूर्ण ताकदीच्या जरा आत थांबा आणि तोच दाब 100 टक्के ठरवा.

गाडी नेक्स्ट जेन (नॅस्कारची नव्या पिढीची) शेव्हरोले घ्या. 2022 मध्ये ड्रायव्हर रॉस चॅस्टेननं मार्टिन्सव्हिललाच, शेवटच्या लॅपला, भिंतीला घासत पाच गाड्या मागे टाकल्या आणि डेनी हॅमलिनची विजेतेपदासाठी लढणाऱ्या अंतिम चौघांतली जागा हिरावली. काय धाडस! तरी पुढच्या मोसमापासून नॅस्कारनं ती चाल शिक्षापात्र ठरवली ते योग्यच. भिंतच गाडी वळवणार असेल तर ब्रेकिंगच्या कौशल्याला किंमत काय? सेंटरवर डॅमेज, म्हणजे धडकेनं गाडीचं नुकसान होण्याची सेटिंग, बंद असतं, म्हणून पोरं दर लॅपला तेच करतात. काउंटरवर सांगून ते चालू करून घ्या.